लेख मेल्विन्सवर, फोटो कर्ट कोबेनचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला मेल्विन्स या अमेरिकन बँडवरचा लेख वाचला. मराठी वर्तमानपत्रात स्लज रॉकवर (म्हणजे संथ, जड गिटारींच्या रॉकवर) अर्धं पान, म्हणून हौसेनं वाचायला बसलो आणि शेवटपर्यंत पोचेतो हौस फिटली.

आधी फोटोचं बोलू. लेख मेल्विन्सवर आणि तीन कॉलमी फोटो ‘निर्वाणा’ या बँडच्या कर्ट कोबेनचा. मेल्विन्सचे गायक-गिटारवादक बझ ऑस्बोर्न कोपऱ्यात, पासपोर्ट साइज, त्यातलीही अर्धी जागा त्यांच्या केसांनी खाल्लेली. (केसांचा दोष तुमच्याकडे नाही, ते तसेच आहेत.) मजकुराची तीच गत. ‘निर्वाणा’चे गुरू, कोबेन त्यांचं सामान उचलायचे, वगैरे वगैरे. बरं, ती गोष्ट सांगायचीच होती तर पुरती तरी सांगायची. ‘निर्वाणा’च्या ‘ब्लीच’ या १९८९च्या पहिल्या अल्बममधल्या दोन गाण्यांवर ड्रम वाजवणारा माणूस मेल्विन्सचा डेल क्रोव्हर आहे आणि पुढे त्यांना ड्रमर डेव्ह ग्रोलची गाठ घालून देणारे ऑस्बोर्नच. हे लेखात नाही. सामान उचलल्याचं मात्र दोनदा आहे.

आणि ‘सिअ‍ॅटलचा बँड’ हे कुठून आलं? १९८३ साली हा बँड मॉन्टेसानोत सुरू झाला. सिअ‍ॅटलपासून गाडीनं दीड-दोन तासांवरचं, लाकूडतोडीच्या पट्ट्यातलं छोटं गाव. ऑस्बोर्न तिथल्या सुपरमार्केटात कामाला होते. तिथल्याच एका नावडत्या माणसाचं नाव त्यांनी बँडला दिलं. शेजारच्या अ‍ॅबर्डीनला क्रोव्हरच्या आईवडिलांच्या घरी मागच्या खोलीत तालीम चालायची. सिअ‍ॅटलच्या ग्रंजचा, म्हणजे ‘निर्वाणा’छाप रॉकचा, जगभर गाजावाजा झाला तोवर ही मंडळी सॅन फ्रान्सिस्कोला निघूनही गेली होती.

पण हे सगळं मी गिळलं असतं. पत्र लिहायला बसलो ते एका वाक्यामुळे. ‘गिटारचा आवाज वाढवून एकच सूर लांबवत ठेवला की स्लज तयार होतो,’ असं आपले लेखक लिहितात. मी पुण्यात साउंडचा धंदा करतो. ऑर्केस्ट्रा, गॅदरिंग, व्याख्यानमाला, लग्नातलं संगीत, सगळं. हे वाक्य मी यापूर्वीही ऐकलं आहे आणि त्याचे पैसे माझ्या खिशातून गेले आहेत.

एका कॉलेजचं गॅदरिंग होतं. (नाव लिहीत नाही, वसुली बाकी आहे.) इंजिनिअरिंगच्या पोरांच्या बँडनं मेल्विन्सचं ‘बोरिस’ बसवलं होतं. १९९१च्या ‘बुलहेड’मधलं हे पहिलंच गाणं, साडेआठ मिनिटांचं. जपानमधल्या एका बँडनं यावरून स्वतःचं नाव बोरिस ठेवलं आणि २०२३ साली दोन्ही बँड एकत्र दौऱ्यावर निघाले, एवढी त्या गाण्याची पत. पोरांनी गिटारच्या तारा खालच्या सुरात उतरवून घेतल्या होत्या. ड्रमर एकेक ठोका असा टाकत होता की पुढचा येईपर्यंत ऐकणाऱ्याचा जीव खालीवर व्हावा. कॉर्ड वाजायची, लांबायची, विरायला लागायची आणि ती पूर्ण विरायच्या आत पुढचा ठोका. मी बेसवर लक्ष ठेवून होतो. खुर्च्या थरथरत होत्या, तरी शिट्टी नाही, घुमणं नाही. स्वतःवर खूश व्हावं असे प्रसंग आमच्या धंद्यात फार येत नाहीत.

तेवढ्यात संयोजन समितीतले एक सर धावत आले. ‘अहो, तुमचं मशीन अडकलंय!’

म्हटलं, ‘सर, गाणंच तसं आहे.’

‘असं कुठं गाणं असतं का? तोच तोच आवाज येतोय मघापासून. बंद करा.’

‘एक मिनिट थांबा, मी खाली घेतो.’

थांबतायत कसले. वाकले आणि मिक्सरची पिनच बोर्डातून उपटली.

आमच्याकडे कालपरवा कामाला लागलेलं पोरगंही सांगेल, आधी अ‍ॅम्प बंद करायचे, मग मिक्सर. अ‍ॅम्प चालू ठेवून मिक्सरची लाइन तोडली की स्पीकरला असा दणका बसतो की विचारू नका. दोन टॉपचे, म्हणजे वरच्या स्पीकरचे, डायफ्राम (आतले पातळ पडदे) जागच्या जागी गेले. सर माइक हातात घेऊन ‘तांत्रिक बिघाडामुळे’ वगैरे बोलू लागले. माइक बंद आहे आणि तो आपणच बंद केला आहे, हे त्यांच्या ध्यानात यायला बराच वेळ लागला. पुढे बिलातून ‘साउंड सदोष’ म्हणून पैसे कापले. डायफ्रामचं विचारलं तर उत्तर मिळालं, ‘आम्ही तर वाचवलं तुमचं मशीन.’ पोरांच्या गाण्याचं कुणी काही विचारलंच नाही.

तर लेखकमहाशय, एकच सूर लांबवून बघा एकदा. संथ लयीत ठोका जरा मागेपुढे झाला की सगळं उघडं पडतं. वेगात शंभर चुका खपतात. ब्लॅक फ्लॅग या पंक बँडनं १९८४च्या ‘माय वॉर’ची अख्खी दुसरी बाजू तीन संथ, सहा-सहा मिनिटांच्या गाण्यांनी भरली तेव्हा पंकवाले वैतागले होते. आधी सुसाट वाजवणाऱ्या मेल्विन्सनी तो संथपणा उचलला, त्यात ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडचं वजन घातलं. गिटारची सगळ्यांत जाड तार ‘डी’ सुरापर्यंत उतरवायची युक्ती साउंडगार्डन बँडचे गिटारवादक किम थायिल यांना ऑस्बोर्नकडूनच कळली. स्पीकरचा आवाज पुन्हा माइकात किंवा गिटारीत शिरून शिट्टी उठते, त्या फीडबॅकचंही तसंच. आमच्या धंद्यात शिट्टी आली की शिव्या ठरलेल्या. न्यू ऑर्लिन्सच्या आयहेटगॉड या स्लज बँडनं १९८८पासून ती शिट्टी मुद्दाम, हवी तिथे, हवी तेवढा वेळ वाजवली आहे. ती सांभाळायला काय लागतं, ते मिक्सरमागे उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही.

लेखात दौऱ्यांना दोन ओळी मिळाल्या आहेत, त्यातली एक ‘ते सतत फिरत असतात’ अशी. वा! २०१२ साली ऑस्बोर्न, क्रोव्हर आणि बेसवादक ट्रेव्हर डन या तिघांनी अमेरिकेची पन्नासही राज्यं अधिक राजधानी वॉशिंग्टन, असे ५१ दिवसांत ५१ कार्यक्रम केले. सुरुवात अलास्कात, शेवट हवाईत. जत्रेच्या हंगामात तमाशाचा फड रोज नव्या गावात तंबू ठोकतो, तशातला हा प्रकार. फरक एवढाच की तंबू नाही आणि गावं हजारो किलोमीटरवर पसरलेली. रोज वेगळा हॉल, वेगळा साउंडवाला, वेगळी लाइन. माझ्यासारख्याला नुसतं वाचून घाम फुटतो.

त्याआधी अटलांटिक या बड्या कंपनीनं १९९३ ते १९९६ मध्ये त्यांचे तीन अल्बम काढून बघितले आणि सोडून दिलं. लेखात याला ‘अपयश’ म्हटलंय. त्यानंतर गायक माइक पॅटन आणि ग्रेग वर्कमन यांच्या नव्याकोऱ्या इपेकॅक कंपनीकडून १९९९-२०००मध्ये लागोपाठ तीन अल्बम आले. २००६मध्ये बिग बिझनेस या दोघांच्या बँडलाच आत घेऊन दोन ड्रमरची फौज उभी केली. २०२३मध्ये क्रोव्हरच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा त्यातलाच कोडी विलिस त्यांच्या जागी ड्रमवर बसला आणि दौरा चालू राहिला. २०२४लाही नवा अल्बम आला. असं अपयश आमच्या ऑर्केस्ट्रावाल्यांना मिळालं, तर ते देवाला नारळ फोडतील.

लिहितोच आहे तर आणखी एक. दर गणपतीत तुमच्या पहिल्या पानावर ‘साउंडवाल्यांचा धुडगूस’ असा मथळा असतोच. स्पीकरच्या भिंती लावून कानठळ्या बसवणारे वेगळे आणि हॉलमध्ये व्याख्यात्याचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा म्हणून धडपडणारे वेगळे. मागे याबद्दल पत्र पाठवलं होतं. ते छापलंत, आभारी आहे. पण नेमका हाच मुद्दा कापून. उरलेल्या मजकुरावरून मी भिंतींची बाजू घेतोय असं वाटत होतं. बायकोच्या मावशींचा फोन आला होता, त्यांच्या सोसायटीत मी आता प्रसिद्ध आहे.

लेखाच्या शेवटी ‘उत्तरार्ध पुढील रविवारी’ असं आहे. त्यात निदान ऑस्बोर्न आणि क्रोव्हर यांचा बरा फोटो टाकावा, आणि जागा कमी पडली तर कोबेनची कमी करावी. नाव छापू नये ही विनंती. मात्र गॅदरिंगचा परिच्छेद कापू नका. ते सर तुमचा अंक रोज वाचतात, मी त्यांच्या टेबलावर पाहिला आहे. दोन डायफ्रामचं बिल अजून माझ्याकडे आहे. दुसरी प्रतही काढून ठेवली आहे.

आपला,
एक साउंडवाला, पुणे