अडल्यानडल्याला निदान घराचा सोपा तरी उघडा

संपादक महाशय,

पावसाळ्यात बेळगावहून गोव्याला जाणाऱ्या जांबोटी-चोर्ला रस्त्यावर रात्री गाडी बंद पडली की प्रवाशाचे फार हाल होतात. मिट्ट काळोख, धो-धो पाऊस, मोबाईलला रेंज नाही आणि हात केला तरी कुणी थांबत नाही. ऑगस्ट 2019 च्या महापुरात पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला, तेव्हा कडेच्या गावांनी अडकलेल्या ट्रकवाल्यांना जेवू घातले. तीच माणसे एरवी दार लावून का घेतात?

भीती खोटी नाही. घरात एकटी बाई असताना अनोळख्याला आत घ्या, असे मी म्हणणार नाही. पण सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, अंथरायला घोंगडे, कढत चहा, घरी कळवायला फोन एवढे तर देता येते. तो कन्नड बोलतो की मराठी, हे पाहूच नये. अपघातातल्या जखमीला उचलायलाही लोक कचरतात. मोटार वाहन कायद्यात 2019 साली आलेल्या कलम 134अ नुसार सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, नाव सांगण्याची सक्तीही नाही. हे गावोगाव सांगायला हवे.

ग्रामपंचायतींनी समुदाय भवनाची किल्ली कुणाकडे असते, त्याचा नंबर बसथांब्यावर दोन्ही भाषांत रंगवावा. येत्या पावसाळ्याआधी एवढे कराच.

– एक वाचक, खानापूर