चीझक्वेक मुक्काम सहल : आरव्ही (राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) आणणाऱ्यांसाठी सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, ऑक्टोबरमधील मुक्कामाची सहल न्यू जर्सीतील चीझक्वेक राज्य उद्यानात ठरली असून, तेथील तंबूतळाकडे जाताना वाटेत कमी उंचीचा पूल असल्याने 11 फुटांहून उंच वाहन आत नेता येत नाही. भाड्याची आरव्ही ठरविताना केवळ जाहिरातीतील आकड्यावर विसंबू नये. छतावरील एसी धरून उंची विचारून घ्यावी, कारण घोडे नेमके तिथेच पेंड खाते.

जागेवर विजेची व नळाची जोडणी नाही. त्यामुळे बॅटरी पूर्ण चार्ज करून आणि पाण्याची टाकी भरून निघावे. सांडपाणी डम्प स्टेशनवरच (गाडीच्या टाकीतील सांडपाणी सोडण्याच्या ठरावीक जागी) सोडावे, भांडी घासलेले पाणीसुद्धा झाडाखाली ओतू नये. सरपण घरून आणू नये, कारण त्यातून झाडांना घातक किडी पसरतात. ते उद्यानाजवळच विकत घ्यावे. राज्य उद्यानांत मद्यास मनाई आहे, हे सोबतच्या पाहुण्यांना आधीच सांगितलेले बरे.

सकाळी पांढऱ्या सीडार वृक्षांच्या दलदलीवरील फळ्यांच्या वाटेने फिरायला जायचे आहे. गोचिडांपासून बचावासाठी पायमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. जागा आरक्षित करण्यापूर्वी वाहनाची उंची व लांबी कार्यवाहांना कळवावी.