मागच्या महिन्यात कुठलं औषध दिलं होतं ते सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लहान मुलांच्या कानदुखीबद्दल थोडं लिहितेय, छापलंत तर बरं होईल. माझा साडेतीन वर्षांचा मुलगा सर्दीनंतर रात्री कान धरून रडत उठला, ताप होताच, आणि सगळे म्हणायला लागले अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दे, दिवसातून एकदा द्यायचं, तीन दिवसात संपतं. मी दिलं नाही, सकाळी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दुर्बिणीने कान बघितला, पडदा लाल होऊन फुगलेला, आणि पहिलाच प्रश्न केला, गेल्या महिनाभरात कुठलं अँटिबायोटिक झालंय का? झालं होतं, घशासाठी अमोक्सिसिलिन, तीन आठवड्यांपूर्वी. मी ते सांगणारच नव्हते कारण त्याचा कानाशी काय संबंध असं मला वाटलं!

संबंध आहे. मधल्या कानाच्या इन्फेक्शनला पहिली पसंती अमोक्सिसिलिनलाच असते, पण गेल्या ३० दिवसात ते झालं असेल किंवा कानासोबत डोळे पण चिकटत असतील तर क्लॅव्युलॅनिक ॲसिड घातलेलं देतात, कारण काही जंतू अमोक्सिसिलिन तोडून टाकणारं एन्झाइम बनवतात आणि क्लॅव्युलॅनिक ॲसिड ते अडवतं. अझिथ्रोमायसिनला न्यूमोकोकससारखे कानाचं इन्फेक्शन करणारे जंतू बऱ्याचदा दाद देत नाहीत, सोपं म्हणून ते मागून घेऊ नका प्लीज. अमोक्सिसिलिन पेनिसिलिनच्याच जातीचं आहे, म्हणून पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर तेही आधीच सांगा, मग औषध वेगळं निवडावं लागतं.

आणि डोस मोठा वाटला म्हणून घरी कमी करू नका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली अमोक्सिसिलिनसाठी रोज किलोमागे ८० ते ९० मिलिग्रॅम, दोन वेळात विभागून, असं सांगितलंय, म्हणजे मधल्या कानापर्यंत औषध पुरेसं पोचतं.

प्रत्येक कानदुखीला लगेच अँटिबायोटिक लागतंच असंही नाही. दोन वर्षांवरचं मूल, दुखणं सौम्य, ताप १०२ च्या आत, तर डॉक्टर दोन-तीन दिवस थांबून बघू म्हणू शकतात, त्यात त्यांचा हलगर्जीपणा नसतो. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल किंवा कानातून पू येत असेल तर मात्र थांबत नाहीत. दुखण्यावर पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे पहिल्या दिवसापासून द्यायचं, अँटिबायोटिकने पहिल्या २४ तासात वेदना कमी होत नाहीत आणि पोर तोवर रडत राहतं.

माझ्या मुलाला तिसऱ्या दिवशी आराम पडला, कोर्स आम्ही पूर्ण केला. पडद्यामागे अजून थोडं पाणी आहे, ते काही आठवडे राहू शकतं, त्यासाठी पुन्हा अँटिबायोटिक नको असं डॉक्टर म्हणालेत, तीन महिन्यांनी परत तपासणार आहेत.

आपली,
एक आई