बाथच्या देवीकडे नातवंडांना नेताना

ब्रिस्टल, रविवार

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगणार होते, पण फोनवर बाबा "बघू" म्हणतात, आई "कशाला उगाच" म्हणते आणि विषय तिथंच मिटतो. म्हणून लिहिते आहे. बाबा, अक्षर मोठं ठेवलंय, निघण्यापूर्वी छापून घ्या आणि पासपोर्टच्या पाकिटात ठेवा.

मेच्या शेवटी मुलांना आठवडाभराची सुट्टी आहे. त्यातल्या गुरुवारी तुम्ही दोघांनी मनू आणि ईराला घेऊन बाथला, रोमन लोकांनी बांधलेलं गरम पाण्याचं स्नानगृह आणि तिथलं संग्रहालय बघायला जायचं आहे. तुम्ही चौघंच. आमच्या दोघांच्याही रजा डिसेंबरात संपल्या, ते तुम्हाला माहीतच आहे. तिकिटं काढून झाली आहेत, सकाळी साडेदहाची. किंमत विचारू नका.

मुलं तुमच्या गळ्यात घालते आहे असं मनात आणू नका. दुसरीकडे सोय होत होती, मीच केली नाही. मनूच्या वर्गात या वर्षी रोमन आहेत. त्याला लीजन, म्हणजे रोमन फौजेच्या पलटणी, ठाऊक आहेत, तटबंदी ठाऊक आहे. पण जमिनीतून उकळतं पाणी वर येतं म्हणून माणसं तिथं देवी का मानतात, तिच्याकडे काय मागतात, हे त्याला शाळेत कोण सांगणार? कोकणातल्या राजवाडी-तुरळच्या गरम पाण्याच्या कुंडांवर आयुष्य गेलेल्या आजी-आजोबांना ते सांगावं लागत नाही. तुम्ही शेजारी असलात की ती जागा त्याला जास्त कळेल, एवढाच माझा हेतू आहे.

प्रवास छोटा आहे. सकाळी मी तुम्हाला टेंपल मीड्स स्टेशनवर गाडीत बसवून देईन. पुढे पंधरा मिनिटं. एकच लक्षात ठेवा : काही गाड्या मध्ये केन्शम आणि ओल्डफिल्ड पार्कला थांबतात. ओल्डफिल्ड पार्क हेही बाथमध्येच आहे, त्यामुळे डब्यात कुणी "बाथ आलं" म्हणालं तरी उठायचं नाही. "बाथ स्पा" अशी पाटी दिसली की उतरायचं. तिथला फलाट उंचावर आहे, बाबांनी लिफ्टनंच खाली यायचं. तिथून दुकानांच्या रस्त्यानं सरळ चालत दहा मिनिटं, तुमच्या चालीनं पंधरा. चढ नाही. मोठं ॲबी चर्च दिसलं की त्याच्याच चौकात दार आहे. दहाच्या आधी पोचलात तर चर्चच्या दर्शनी भिंतीवर दगडी शिड्यांवरून चढणारे देवदूत आहेत, ते ईराला मोजायला लावा. तेवढ्यात आईनं दोन बिस्किटं खाऊन घ्यायची. आत खाता येत नाही, आणि आत दोन तास सहज जातात. गोळी आणि खाणं यांची वेळ मी डब्यावर चिकटवून देईन. आई, "मला भूक नाही" हे त्या दिवशी चालणार नाही.

मुलांबरोबर तिथं एक चूक हमखास होते. दारातून आत गेल्यावर पहिल्यांदा गच्ची येते. खाली मोठं हिरवं कुंड, वर कठड्यावर रोमन सम्राटांचे आणि सुभेदारांचे पुतळे. सगळे तिथंच रेंगाळतात, फोटो काढतात, आणि मुलांची निम्मी ताकद तिथंच संपते. ते पुतळे रोमन नाहीत, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचे आहेत. गच्चीवर दहा मिनिटं पुरे. दुसरी अडचण अशी की मुलांना लगेच पाण्याजवळ जायचं असतं, आणि वाट मात्र आधी खाली अंधाऱ्या संग्रहालयात जाते. मग चिडचिड होते. म्हणून गच्चीवरच सांगून ठेवा : आधी देवीचं देऊळ, मग पाणी. कानाला लावायचं यंत्र तिकिटातच मिळतं, मुलांसाठी त्यात वेगळं निवेदन आहे. मराठी नाही. ईरा चार ठिकाणी ऐकेल आणि कंटाळेल, तेव्हा तिच्यामागे लागू नका. सगळं बघून संपवायचं नाही आहे.

खाली उजेड मंद असतो. बाबा, तुमच्या दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून पायरीची कड फसवते, त्यामुळे जिथं लिफ्ट आहे तिथं लिफ्ट, आणि पायऱ्या आल्याच तर कठडा सोडायचा नाही. मनूचा हात धरला तरी चालेल, त्याला त्यात मोठेपणा वाटतो.

देवीचं नाव सुलिस. ती रोमन येण्याच्या आधीपासूनची, त्या झऱ्याची. रोमन आले तेव्हा त्यांनी तिला हटवलं नाही, आपल्या मिनर्व्हा देवीशी तिचं नाव जोडलं आणि सुलिस मिनर्व्हा म्हणून पुजलं. गावाचं नावही तिच्यावरून पडलं, अक्वे सुलिस, म्हणजे सुलिसचं पाणी. इसवी सन ६० ते ७० च्या सुमारास बांधकाम सुरू झालं आणि पुढची तीनेकशे वर्षं त्यात भर पडत राहिली. ग्रामदेवतेला मोठ्या देवाचं नाव कसं चिकटतं हे आई, तू मुलांना दोन वाक्यांत सांगू शकशील.

देवळाच्या दर्शनी त्रिकोणातला एक मोठा चेहरा तिथं भिंतीवर लावलाय. केसांत साप, डोळे वटारलेले आणि चक्क मिशा. त्याला गॉर्गन म्हणतात. गॉर्गन, ग्रीक कथांतली सापांच्या केसांची राक्षसी, खरं तर बाई असते, इथं मात्र पुरुष आहे. त्यावर अजून वाद चालतात. समोर बसायला जागा आहे, बसा. थोड्या वेळानं प्रकाशाचा झोत टाकून हरवलेले भाग आणि रंग भरून दाखवतात. मुलांना खाली कोपऱ्यातलं छोटं घुबड शोधायला सांगा. पुढे एक चौथऱ्याचा दगड आहे, लुसियस मार्सियस मेमोर नावाच्या माणसानं देवीला वाहिलेला. त्याचं काम बळी दिलेल्या जनावराचं काळीज वगैरे बघून शकुन सांगण्याचं. आपल्याकडे गुरव कौल लावतो, तसा हा त्यांचा कौल लावणारा. दगडावर त्याच्या हुद्द्याची, म्हणजे 'हारुस्पेक्स' या शब्दाची, आधी एच-ए-आर ही तीनच अक्षरं नीट मध्यावर कोरली होती. तेवढ्यानं लोकांना कळेना म्हणून की काय, व्ही-एस-पी मागाहून घुसवली, आणि ओळ एका बाजूला सरकली. ही चूक मनूला स्वतः सापडू द्या. बाबा, सांगून टाकू नका.

सोनेरी मुखवट्यासारखं देवीचं मस्तक काचेत आहे. १७२७ मध्ये गटार खणताना मजुरांना मिळालं. पितळी नव्हे, कांशाचं, आणि त्यावर सोन्याचे सहा थर. म्हणजे इतक्या वेळा तिला नव्यानं मुलामा दिला.

आणि आता ज्यासाठी मी तुम्हालाच पाठवते आहे ते. शिशाच्या आणि कथिलाच्या मिश्रणाचे पातळ पत्रे. सुमारे १३० सापडलेत, बहुतेक १९७९-८० च्या उत्खननात, झऱ्याच्या गाळातून. इंग्रजीत त्यांना शापाचे पत्रे म्हणतात, पण वाचलं की लगेच ओळख पटते : हे गाऱ्हाणं आहे. कुणाची अंघोळीची वस्त्रं गेली, कुणाचे हातमोजे. डोसिलिआनस नावाच्या माणसाचा टोपीवाला झगा चोरीला गेला, तर तो देवीला सांगतो की चोर पुरुष असो वा बाई, गुलाम असो वा स्वतंत्र, झगा तुझ्या देवळात आणून देईपर्यंत त्याला झोप लागू देऊ नकोस. फरक एवढाच की आपल्याकडे गुरव सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणतो आणि मंडळी "होय महाराजा" म्हणतात. यांनी टोकदार लेखणीनं पत्र्यावर ओरखडे काढून लिहिलं, घडी घातली किंवा गुंडाळी केली आणि गुपचूप पाण्यात टाकली. काहींनी तर अक्षरं उलटीकडून लिहिली आहेत. आई, तिथं मुलांना आपलं गाऱ्हाणं म्हणून दाखव. हळू आवाजात म्हण, पण म्हण. लाजू नकोस. लहानपणी पारावर तुझ्या मांडीत बसून मी ते ऐकलंय, ईरानं अजून एकदाही ऐकलेलं नाही.

त्याच्या पुढे बाबांची जागा. झऱ्याचं जादा पाणी एका रोमन कमानीतून खाली कोसळतं, वाफ निघते, दगड लोखंडाच्या क्षारांनी नारिंगी झालेत. तुमच्या खात्याच्या भाषेत हा सांडवा. दिवसाला ११ लाख ७० हजार लिटर, म्हणजे सेकंदाला साडेतेरा लिटर, ४६ अंशांचं. रोमन इंजिनियरांनी झऱ्याभोवतीच्या चिखलात ओकचे खांब ठोकले, दगडी हौद बांधला, त्याला शिशाचं अस्तर लावलं, आणि जादा पाणी नाल्यानं नदीकडे काढून दिलं. ते खांब अजून पाया धरून आहेत. मनूला प्रवाहाचा हिशेब वहीवर करून दाखवा, त्याला भागाकार येतो. आईच्या चष्म्यावर तिथं धुकं जमेल, पुसायचं कापड हाताशी ठेव. दमट उकाडा असतो, त्यामुळे स्वेटर काढा, बाहेर आल्यावर लगेच घाला.

मग मोठं कुंड. १.६ मीटर खोल, तळाला शिशाचे ४५ पत्रे, अजून तेच, रोमन. पाणी हिरवं दिसतं ते घाणीमुळे नाही. रोमन काळी वर छप्पर होतं, आता नाही, ऊन पडतं म्हणून शेवाळ धरतं. खांबांचं बूड रोमन, वरचं सगळं अलीकडचं. कडेचा फरसबंदीचा दगड झिजून खोलगट झालाय आणि ओला असला की घसरतो. त्या दिवशी रबरी तळव्याचे बूट, दोघांनीही. आई, कोल्हापुरी नाही. तिथं धावायचं नाही हे मुलांना आधी बजावा. पाण्यात बोट घालायचं नाही. ते शुद्ध केलेलं नसतं, आणि १९७८ मध्ये त्या झऱ्याच्या पाण्यातून संसर्गाची एक घटना घडल्यावर त्यात पोहणं कायमचं थांबवलं. जवळच आधुनिक स्नानगृह आहे, तिथं खरंच डुंबता येतं, पण लहान मुलांना प्रवेश नाही. ईरा हट्ट करेल, तेव्हा हे कारण सांगा.

पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या खोल्यांत विटांचे बुटके खांब ओळीनं उभे दिसतात. त्यांच्यावर जमीन होती आणि खालून भट्टीची गरम हवा खेळवलेली. इथं फार थांबू नका, मुलं तोवर दमलेली असतात. शेवटी गार पाण्याचं गोल कुंड आहे, त्यात लोक नाणी टाकतात. झऱ्यातून बारा हजारांवर रोमन नाणी निघाली, ती रीत अजून चालू आहे. चार पेन्या वेगळ्या ठेवते.

बाहेर पडताना झऱ्याचं पाणी प्यायला मिळतं. हे शुद्ध केलेलं असतं. कोमट, लोखंडाच्या चवीचं, त्यात ४३ खनिजं. एक घोट चाखा, औषध म्हणून पेलाभर नको.

डबा चौकातल्या बाकावर खा. दशम्या, बटाट्याची भाजी आणि दहीभात देईन. सीगल पक्षी हातातला घास उचलून नेतात, म्हणून डबा मांडीवर उघडा ठेवायचा नाही, एकेक घास काढून झाकण लावायचं. जेवण झालं की थेट स्टेशन. चारच्या आत घरी. कंटाळा आला, गुडघा दुखला, तर अर्ध्यातून परत या, तिकीट वाया गेलं म्हणून रेटू नका.

घरी आल्यावर मुलांचे हात रिकामे राहिले तर एक करा. ॲल्युमिनियमच्या जेवणाच्या डब्यांचे तळ मी धुऊन ठेवलेत. आठ बाय दहा सेंटिमीटरचे तुकडे कापा. कड बोटाला लागते, म्हणून कापणं बाबांनीच करायचं आणि चारी बाजू अर्धा सेंटिमीटर आत दुमडायच्या. खाली वर्तमानपत्राची जाड घडी ठेवा, कडक टेबलावर अक्षर उमटत नाही आणि जोर दिला तर पत्रा फाटतो. शाई संपलेल्या बॉलपेननं लिहायचं. मनू हरवलेल्या टोपीबद्दल लिहील. एकमेकांची नावं घालायची नाहीत, एवढा नियम घाला. मग घडी घालून बादलीत टाकायची. पाणी खोल हवं, म्हणजे बुडताना बघता येतं.

बाबा, पायमोजे लांब आणा. आई, लोणचं आणू नकोस, मागच्या वेळेसारखं सामानात सांडलं तर तूच रडशील. आणलंसच तर छोटी बरणी, दोन पिशव्यांत.

मी त्या दिवशी साडेचारला दारात असेन.

तुमची,
सोनू