धूर कमी झाला म्हणून मी खूश होतो

१४ फेब्रुवारी

तीर्थरूप आप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्हाला अर्धंच सांगितलं. आई शेजारी बसून ऐकत होती, आणि ‘इंजिन सीझ झालं’ एवढं कानावर पडलं असतं तरी मी बर्फात अडकून पडलोय असंच तिने धरलं असतं. मला काहीही झालेलं नाही. झालं ते माझ्या स्नोमोबाइलला, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीला, आणि त्यानंतर वर्कशॉपवाल्यांशी झाली ती हुज्जत. दोन्ही नीट लिहितो, कारण त्या हुज्जतीत निम्मा वाटा तुमचा आहे.

तळ्यावरून परत येत होतो. उणे २७ तापमान, रस्ता सपाट, वेगही बेताचाच. एकाएकी इंजिनाचा आवाज जड झाला, एक चिरका सूर आला आणि सगळं गप्प. या गाडीत गिअर नसतात, रुंद बेल्ट आणि फेऱ्यांवर चालणारा क्लच असतो. त्यामुळे इंजिन पकडलं, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकला, तरी क्लच मोकळा झाला आणि गाडी घसरत घसरत आपोआप थांबली. स्टार्टरची दोरी ओढून पाहिली तर ती इंचभरही हलेना. मग चार किलोमीटर चालत आलो. (हे आईला वाचून दाखवू नका.)

गाडी दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक. तुमचा हात डिझेलवर बसलेला, पण आपली जुनी स्कूटर तुम्हीच उघडायचात, तेव्हा टू-स्ट्रोकची खोड तुम्हाला ठाऊक आहे. खाली तेलाचं चेंबर नाही. पेट्रोलची वाफ खालच्या पेटीतून, क्रँककेसमधूनच, वर जाते, म्हणून तेलही तिच्याबरोबरच जायचं, वाटेत बेअरिंग आणि पिस्टन ओले करायचं आणि शेवटी जळून जायचं. स्कूटरला आपण तेल पेट्रोलमध्येच मिसळायचो. इथे तेलाची टाकी वेगळी असते आणि एक छोटा पंप दोन बारीक नळ्यांनी, एकेका सिलिंडरला एक अशा, मोजून तेल देतो. थ्रॉटलची केबल पंपालाही जोडलेली असते. जितका दाबाल तितकं तेल.

डॅशबोर्डवर तेलाचा दिवा आहे. तो पेटला नव्हता. पेटणारही नव्हता, कारण तो फक्त टाकीतल्या तेलाची पातळी पाहतो. टाकी भरलेली आणि पंपापुढची नळी कोरडी, तरी दिवा आपला शांत. हे मला इंजिन गेल्यावर समजलं.

वर्कशॉपवाल्याने एक्झॉस्ट काढला, त्या भोकातून टॉर्च मारून पिस्टन पाहिला आणि पाच मिनिटांत निकाल दिला: ‘कोल्ड सीझर. इंजिन तापू न देता पळवलंय. वॉरंटीत बसत नाही.’ असं होतं हे खरं आहे. पिस्टन ॲल्युमिनियमचा, आगीच्या तोंडाशी, लगेच तापून फुगतो. सिलिंडरभोवतीचं पाणी गार असतं, म्हणून सिलिंडर फुगण्यात मागे राहतो. मधली फट संपते आणि पिस्टनवर चार ठिकाणी उभे ओरखडे उठतात. पण मी दर वेळी गाडी तापवूनच निघतो. त्या दिवशी तर अर्ध्या तासाहून जास्त चाललो होतो. हे सगळं सांगितलं. त्याने मान हलवली आणि कागदावर ‘वापरातील चूक’ असं लिहिलं.

त्या रात्री तुम्हाला फोन केला. तुम्ही माझी कैफियत ऐकूनच घेतली नाही. सरळ विचारलंत, ‘शेजारचा पिस्टन कसा आहे?’

आप्पा, तो कोणी पाहिलाच नव्हता. त्याने एकच बाजू बघितली होती. दुसऱ्या दिवशी जाऊन म्हटलं, दोन्ही सिलिंडर उघडा, माझ्यासमोर. उघडण्याचे पैसे, चूक माझी निघाली तर मी देईन, असं लिहूनही दिलं. क्लचच्या बाजूचा पिस्टन अगदी स्वच्छ, तेलाने ओलसर. पलीकडचा चारच ठिकाणी नाही, भोवतीभोवती खरवडलेला आणि कोरडा ठणठणीत. एकाच इंजिनात, एकाच थंडीत, मी एकच सिलिंडर न तापवता पळवला काय? हे मी जरा मोठ्याने विचारलं. एरवी मी असा बोलत नाही.

मग दोन्ही तेलनळ्या सिलिंडरच्या टोकाला सोडवून पंप फिरवून बघायला सांगितलं. एकीतून थेंब, थेंब, थेंब. दुसरीतून काही नाही. नळीच्या मागे मागे गेलो तर ती एका क्लिपखाली चेपलेली सापडली. जोडणी करताना बसवणाऱ्याकडून दाबली गेली असावी. ऊब असेपर्यंत थोडं तेल जात असेल. कडाक्याच्या थंडीत प्लास्टिक आखडलं आणि वाट बंद झाली.

आता माझी लाज. तुमच्या लॉगशीटच्या शिस्तीमुळे मी दर वेळी पेट्रोल भरताना तेल किती घातलं तेही वहीत लिहितो. आधीच्या सगळ्या नोंदी जवळजवळ सारख्या. शेवटून दुसऱ्या खेपेला तेल कमी लागलं, शेवटच्या खेपेला निम्म्याच्या आसपास. शेजारी माझ्याच हाताने लिहिलंय: ‘धूरही कमी. इंजिन छान रुळलं.’ एक सिलिंडर उपाशी मरत होता आणि मी काटकसरीचं कौतुक करत होतो. जास्त तेल गेलं की निदान धूर होतो, प्लग काळे-ओले होतात, गाडी कुरकुरते. कमी गेलं तर सगळं कसं झकास वाटतं, थेट पकडेपर्यंत.

पण त्याच वहीने क्लेम पास झाला. वहीची पानं, कंपनीने सांगितलेलंच तेल घेतल्याच्या पावत्या, चेपलेल्या नळीचे फोटो, सगळं एकत्र लावून दिलं. बरं झालं, एका मित्राचं ऐकून बोटीचं तेल घातलं नव्हतं. ते पाण्यावर चालणाऱ्या इंजिनांसाठी बनवलेलं असतं, आणि ते सापडलं असतं तर नळीची गोष्ट कोणी ऐकलीच नसती.

तरी एक भांडण उरलंच होतं. ते म्हणाले, नवा पिस्टन आणि सिलिंडर घालून देतो. मी म्हटलं, जे तेल पिस्टनला मिळालं नाही तेच खालच्या बेअरिंगलाही मिळायचं होतं ना? कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग बघितल्याशिवाय इंजिन बंद करायचं नाही. दोन दिवस टाळाटाळ झाली. शेवटी खोललं तर बेअरिंगमधल्या सुया (बारीक रोलर) तापून निळ्या पडलेल्या. क्रँकशाफ्टही बदलला. वरवर दुरुस्ती करून घेतली असती, तर वॉरंटी संपल्यावर मी पुन्हा चालत घरी आलो असतो.

गाडी द्यायच्या आधी त्यांनी पंपाची एअर काढली, तुम्ही डिझेल लाइनची काढायचात तशीच. स्क्रू सैल करायचा, बुडबुडे थांबेपर्यंत तेल वाहू द्यायचं. शिवाय पहिल्या टाकीत ५० भाग पेट्रोलला १ भाग तेल मिसळलं, नळीत कुठे हवा राहिलीच तर इंजिन कोरडं पडू नये म्हणून. नवी नळी दोन्ही बाजूंनी हाताने चाचपून पाहिली. माझ्या जॉब कार्डावर आता ‘जोडणीतील दोष’ असं लिहिलंय. त्याची प्रत ठेवली आहे.

आईने विचारलं होतं, असलं वाहन मुळात लागतंच कशाला. तिला एवढं सांगा. १९३४ साली क्यूबेकमध्ये जोसेफ-आर्मां बोम्बार्डिये नावाच्या मेकॅनिकचा दोन वर्षांचा मुलगा वारला, कारण रस्ते बर्फाखाली गेले होते आणि त्याला दवाखान्यात नेता आलं नाही. बर्फावर चालणारी गाडी बनवायचा नाद त्याला आधीपासूनच होता. पुढे त्याने ती बनवली, आणि १९५९ मध्ये एकदोन माणसांची छोटी स्की-डू विकायला काढली. माझी गाडी त्या घराण्यातली नव्हे, पण कामाला येते ती त्याच गरजेपोटी.

काल पहिल्यांदा बाहेर काढली. तेलाच्या टाकीवर पेन्सिलीने खूण केली आहे. दहा मिनिटं तापवली, मग हळूहळू तळ्यापर्यंत जाऊन आलो. मागे वळून पाहिलं तर निळसर धुराचा पट्टा लांबपर्यंत पसरला होता. वास अगदी आपल्या स्कूटरचा.

वहीत लिहिलं: ‘धूर आहे.’

आईला नमस्कार.

तुमचा,
धाकटा