उड्डाणतासाचा हिशेब शिकवणाऱ्या सरांना जाहीर आभार पत्र

आदरणीय सर,

सविनय नमस्कार.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या 'इन्स्टिट्यूट ऑफ एव्हिएशन'चा, म्हणजे वैमानिक घडवणाऱ्या संस्थेचा, इतिहास मराठीत लिहायला घेतला, तेव्हा महिन्याभरात तो हातावेगळा होईल अशी माझी समजूत होती. आपण तेथे शिकलात आणि पुढे तेथेच प्रशिक्षक झालात, म्हणून केवळ सनावळ्या तपासण्यासाठी मी मसुदा आपल्याकडे पाठवला. तो परत आला, तेव्हा प्रत्येक पानाचा समास शिसपेन्सिलीने भरलेला होता. पहिल्या पानावर मी हौसेने विमानांच्या नावांची माळ ओवली होती, तिच्याशेजारी आपण लिहिले होते, "यातला कोणता तास मोजला आणि कोणी?" त्या प्रश्नामुळे सबंध लेख नव्याने लिहावा लागला, आणि त्याबद्दलच हे जाहीर आभार.

प्रशिक्षणाचे तास मोजण्याची गोष्ट विद्यापीठांच्या बाबतीत बरीच जुनी आहे. अमेरिकी सरकारने 1939 साली नागरी वैमानिक प्रशिक्षणाची योजना कायद्याने सुरू केली. वर्षाला 20,000 विद्यार्थ्यांना उडायला शिकवायचे, असा तिचा संकल्प होता. त्या योजनेत महाविद्यालयांनी वर्गातले पाठ द्यायचे आणि प्रत्यक्ष उड्डाण जवळपासच्या खासगी विमानचालकांकडून करून घ्यायचे, अशी वाटणी असे. इलिनॉयने महायुद्ध संपता संपता, 1945 साली, शँपेन शहराच्या दक्षिणेला स्वतःच्या मालकीचा विमानतळच उघडला. तो पुढे विलर्ड विमानतळ म्हणून ओळखला जाऊ लागला. वर्ग, धावपट्टी आणि विमाने एका संस्थेच्या हाती आली, हे मी माझ्या मसुद्यात इमारतींच्या वर्णनाखाली गाडून टाकले होते. एकाच छताखाली शिकवणारे आणि मोजणारे एकत्र आले, एवढ्यासाठीच त्या विमानतळाचे महत्त्व आहे, हे आपण दाखवून दिलेत.

मोजण्याचे काम 1946 साली सुरू झाले, ते अलेक्झांडर विल्यम्स यांनी तेथे स्थापन केलेल्या हवाई मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत. जमिनीवरच विमान चालवण्याचा सराव देणारी, लिंक ट्रेनर नावाची आखूड पंखांची पेटी तोपर्यंत सर्वांच्या परिचयाची झाली होती. तिचे जनक एडविन लिंक यांच्या घरचा व्यवसाय ऑर्गन बनवण्याचा, त्यामुळे ती पेटी डोलवण्यासाठी त्यांनी वाद्यातले भातेच वापरले होते. आपण फोनवर तिचे वर्णन करताना म्हणालात की, झाकण बंद करून आत बसले की बाहेरचे काही दिसत नाही आणि उपकरणांच्या सुया खोटे बोलतात की आपले कान, हे ठरवता येत नाही. या पेटीतल्या सरावाचा खऱ्या विमानात काही उपयोग होतो का, याची परीक्षा विल्यम्स आणि राल्फ फ्लेक्समन यांनी 1949 साली घेतली. सराव केलेल्यांना आणि न केलेल्यांना विमानात नेऊन त्यांनी ताडून पाहिले. प्रश्न साधा आहे. पण त्याआधी लोक बहुधा अंदाजानेच उत्तर देत असत, असे आपले मत आहे आणि मला ते पटते.

याच धाग्यावर, 1969 साली इलिनॉयला परतलेल्या मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली रॉस्को यांनी 1971 मध्ये तो हिशेब सूत्रात बसवला. ते सूत्र मला तीनदा वाचूनही उमगले नव्हते, म्हणून आपण समासात एक काल्पनिक उदाहरण घातलेत. एखादे कौशल्य विमानात शिकायला दहा तास लागतात, आणि यंत्रावर चार तास घालवल्यावर विमानात आठच पुरतात, असे समजू. तर चार तासांनी दोन वाचले, म्हणजे यंत्राचा एक तास विमानाच्या अर्ध्या तासाच्या मोलाचा. त्याखाली आपण एक ओळ अधोरेखित केली होती : पहिला तास सर्वांत जास्त वाचवतो, त्यानंतरचा प्रत्येक कमी. माझ्या मते सबंध संस्थेच्या कामाचे मर्म या ओळीत आहे, आणि माझ्या मसुद्यात ती कोठेही नव्हती.

आपल्या लॉगबुकाची, म्हणजे उड्डाणतासांच्या नोंदवहीची, छायाचित्रेही आपण पाठवलीत. त्यात प्रशिक्षकासोबतचे तास एका रकान्यात, एकट्याने उडवलेले दुसऱ्यात आणि यंत्रावरचे तिसऱ्यात. तिसऱ्या रकान्याची शाई वेगळी आहे. "तो रकाना इतर विद्यार्थी नंतर घाईने भरत, मी रोज भरला," असे आपण त्याखाली लिहिलेत, आणि त्यात किंचित मिरवणे आहे, हे आपणही मान्य कराल.

पुढच्या काळाबद्दल मी थोडक्यात लिहिले आहे, तेही आपल्या सांगण्यावरून. 1990च्या दशकात याच संस्थेतल्या हेन्री टेलर आणि सहकाऱ्यांनी साध्या संगणकावरच्या सरावाची अशीच परीक्षा घेतली. केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याच्या रेटिंगसाठी, म्हणजे परवान्यावरच्या त्या जादा पात्रतेसाठी, लागणाऱ्या 40 तासांपैकी 10 तास अशा संगणकावर करण्याची मुभा तेथील विमान वाहतूक खात्याने 1997 मध्ये दिली.

शेवटच्या भागावर मात्र आपले आणि माझे एकमत झालेले नाही. अमेरिकेतल्या 2013च्या नियमाने प्रवासी विमान कंपनीत सहवैमानिक होण्यासाठी 1,500 तास आवश्यक ठरवले, पण मान्यताप्राप्त हवाई पदवी असलेल्याला 1,000 आणि दोन वर्षांची पदविका असलेल्याला 1,250 पुरतील, असे म्हटले. म्हणजे पदवीचे मोल 500 तास. हा भाव कोणत्या प्रयोगातून निघाला, असे मी विचारले; आपण म्हणालात, कायदा करणारे प्रयोगशाळेत बसत नाहीत. विद्यापीठाच्या विश्वस्तांनी ही संस्था बंद करण्याचा निर्णय 2011 मध्येच घेतला होता, आणि 2014 साली वैमानिक प्रशिक्षण जवळच्या पार्कलँड महाविद्यालयाकडे गेले. तासांचे मोल मोजणारे विद्यापीठ बाहेर पडले, तेव्हाच त्या मोलावर सरकारी शिक्का बसला, हा योगायोग मला खटकतो. आपण तेथे काहीही न खटकल्यासारखी फक्त एक स्वल्पविराम दुरुस्त केलात, म्हणून तो परिच्छेद मी तसाच ठेवला आहे.

आपल्या समासातल्या टिपांची पाने सोबत परत पाठवत आहे. पान 14 वरचा एक शब्द अजून लागलेला नाही. तो 'वारा' आहे की 'वारी', एवढे कळवावे.

कळावे, लोभ असावा.

आपला कृतज्ञ,
लेखक