शंभर गिटारी नव्हत्या, मोजक्याच होत्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत माय ब्लडी व्हॅलेंटाइन या आयरिश-इंग्लिश रॉक बँडच्या ‘लव्हलेस’ या दुसऱ्या अल्बमवर लेख आला. सीमाभागातल्या मराठी दैनिकाने अशा संगीताला अर्धे पान द्यावे, याचा मनापासून आनंद झाला. पण एकावर एक शंभर गिटारी चढवून तो आवाज तयार झाला, असे जे लेखात म्हटले आहे ते खरे नाही. ही चूक नुसती माहितीची असती तर पत्र लिहिले नसते. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात पहिला अल्बम करून दुसऱ्यात काहीतरी वेगळे करू बघणाऱ्या पोरांनी हे वाचले, तर ती पेडलांवर, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या डब्यांवर, पैसे घालतील, लॅपटॉपवर गिटारचे साठ ट्रॅक चढवतील आणि शेवटी हाती नुसता चिखल येईल.

या बँडचा पहिला अल्बम १९८८ चा. दुसऱ्याचे काम १९८९ मध्ये सुरू झाले, एकोणीसेक स्टुडिओ पालथे घालून झाले आणि नोव्हेंबर १९९१ मध्ये क्रिएशन रेकॉर्ड्सने तो बाजारात आणला. खर्च अडीच लाख पौंड झाल्याची वदंता आहे. बँडचा गिटारवादक केव्हिन शील्ड्सने तो आकडा कधी मान्य केला नाही, तरी आपल्या लेखाचा निम्मा भाग त्यावरच खर्ची पडला. अल्बममधली जवळपास सगळी गिटार शील्ड्सने एकट्याने वाजवली आहे. इतर बँडांच्या साध्या डेमोत असतात त्याहून कमी गिटार ट्रॅक आपण वापरले, असे तो सांगत आला आहे. आवाज दाट करणारे कोरस, फ्लँजर असे इफेक्ट नाहीत, आवाज डावी-उजवीकडे फाकवलेला नाही, सगळा मध्यभागी. मग तो एवढा दाट का वाटतो? कारण गिटारचा सूर एका जागी थांबतच नाही.

ही करामत हाताची आहे. उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि त्याच हाताच्या तळव्यात व्हॅमी बार, म्हणजे ब्रिजला जोडलेली तारांचा ताण बदलणारी दांडी, धरून ठेवायचा. हात खाली-वर होईल तसा बार किंचित दबतो आणि सुटतो. बार दबला की सहाही तारा सैल होतात, पण सगळ्यांचा सूर सारख्या प्रमाणात उतरत नाही. जाड वेटोळ्याची तार वेगळी घसरते, बारीक साधी तार वेगळी. त्यामुळे कॉर्ड सरळ खाली न येता वाकतो, आणि कानाला चार गिटारी थोड्या बेसूर वाजत असल्याचा भास होतो. शील्ड्सकडे फेंडर कंपनीच्या जॅझमास्टर आणि जॅग्वार गिटारी होत्या. त्यांची बाराची रचना याला सोयीची असते. आपल्याकडच्या पोरांच्या हातात बहुतेक वेळा स्ट्रॅटच्या, म्हणजे फेंडर स्ट्रॅटोकॅस्टरच्या, नकला असतात. त्यांच्यावरही हे होते, मात्र आधी गिटार त्यासाठी तयार करावी लागते. नेमके तेच कोणी करत नाही.

दुकानातून आलेल्या अशा गिटारचा ब्रिज, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी, बॉडीला टेकलेला असतो. तो मागच्या कडेला सुमारे ३ मिलिमीटर वर तरंगायला हवा. गिटार पालथी घालून मागचे झाकण काढायचे. स्प्रिंगा पाच असतील तर तीन ठेवायच्या. पंजाला, म्हणजे स्प्रिंगा अडकवलेल्या पट्टीला, धरणारे दोन स्क्रू एका वेळी पाव फेरा सैल करायचे, सहाही तारा पुन्हा सुरात आणायच्या, अंतर मोजायचे, मग पुढचा पाव फेरा. एका बाजूला तारांचा ओढ, दुसऱ्या बाजूला स्प्रिंगांचा. एक तार चढवली की बाकीच्या पाच उतरतात, त्यामुळे चार-पाच आवर्तने झाल्याशिवाय गिटार स्थिर होत नाही. घाई करून स्क्रू एकदम दोन फेरे सोडले, तर ब्रिज पुढे झुकतो, तारा वर उचलल्या जातात आणि बाराव्या पडद्याच्या पुढे सूर लागेनासा होतो. तारा ०.०११ इंचाच्या संचाच्या घ्याव्यात. ०.००९ च्या तारांवर बार जरा दबला तरी सूर भलताच घसरतो. जाड तार आल्यावर मान थोडी वाकते. पहिला पडदा आणि शेवटचा पडदा दाबून धरून आठव्या पडद्यापाशी पाव मिलिमीटर फट राहील एवढा ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) फिरवायचा, तोही एका दिवसात पाव फेऱ्याहून जास्त नाही.

बहुतेकांची अडचण नटात, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीत, असते. नटाच्या खाचा बारीक तारेसाठी कापलेल्या, त्यात जाड तार अडकते. खुंटी पिळताना बारीक ‘टिक’ असा आवाज आला की समजावे, तार खाचेत धरली जाते आहे. अशी तार बार दाबून सोडल्यावर मूळ जागी परतत नाही. खाच कानशीने नेमकी तारेएवढी करून घ्यावी, खोल करू नये, आणि मऊ पेन्सिलीचे शिसे तिच्यात घासावे. खुंटीवर तारेचे दोन-तीनच वेढे. मग ट्यूनर लावून बार दहा वेळा दाबायचा. सूर पाच सेंटहून (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) अधिक ढळला, तर परत नटाकडे. ढिला बार तळव्यात टिकत नसेल, तर त्याच्या आट्यांवर नळवाला वापरतो ती पांढरी टेफलॉन टेप दोन वेढे गुंडाळावी. आणि तरंगत्या ब्रिजवर एक तार तुटली की उरलेल्या पाच चढतात, म्हणून कार्यक्रमाला दुसरी गिटार सुरात लावून ठेवावी.

ही घसरण आपल्या कानांना परकी नाही. सौंदत्तीच्या डोंगरावर चौंडके ऐकलेल्या कोणालाही ती ओळखीची आहे. तार ताणली की सूर चढतो, सैल सोडली की उतरतो, आणि दोन्हींच्या मधली वाट पूर्ण ऐकू येते. ज्या जिल्ह्यातल्या सुळेभावीत १९२४ मध्ये कुमार गंधर्व जन्मले, तिथल्या मुलांना मींड वेगळी शिकवावी लागू नये. चौंडके आणि अशी गिटार एका गाण्यात घ्यायची असेल, तर गिटार आधी रेकॉर्ड करून नंतर चौंडकेवाल्याला ट्यूनरवर बसवू नये. त्याचा सूर तारेच्या ताणावर, म्हणजे त्याच्या हातावर ठरतो. तो आधी घ्यावा. गिटारवाल्याने आपल्या तारा त्याच्या तळच्या सुराला लावाव्यात, मग तो सूर ए ४४० या प्रमाण सुरावर बसो वा न बसो. माइक चामड्यापासून २५ ते ३० सेंटिमीटरवर, थोडा तिरका. अगदी समोर ठेवला तर प्रत्येक छेडीला ढप् असा वाऱ्याचा धक्का रेकॉर्ड होतो आणि तो नंतर काढता येत नाही.

दुसरी गोष्ट उलट्या रिव्हर्बची, म्हणजे उलट्या घुमाऱ्याची. शील्ड्सने यामाहाच्या एसपीएक्स ९० या यंत्रातला रिव्हर्स प्रकार वापरला. त्यात टेप उलटी फिरत नाही. आवाजामागचा घुमारा हळू सुरू होतो, वाढत जातो आणि एकदम तुटतो, इतकेच. आज हे कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये जमते. मूळ कोरडा आवाज पूर्ण बंद, घुमारा २०० ते ३५० मिलिसेकंद, गिटारवरचे टोनचे फिरते बटण निम्म्याहून खाली. क्रम महत्त्वाचा आहे. आधी रिव्हर्ब आणि मग फझ (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) लावले, तर फझ घुमाऱ्यालाही मूळ आवाजाइतके वर उचलते आणि सगळे एकजीव होते. आधी फझ आणि मग रिव्हर्ब लावले, तर दोन्ही वेगवेगळे ऐकू येतात. अल्बमसारखा आवाज हवा असेल तर पहिला क्रम. वाजवताना आवाज हाताच्या मागे पडतो, त्यामुळे वादक नकळत पुढे धावतो. हेडफोनमध्ये ताल मोठा आणि स्वतःची गिटार लहान ठेवली की तो जागेवर येतो.

ड्रमबद्दल लेखात काहीच नाही. ड्रमवादक कॉल्म ओ कीओसोग त्या काळात आजारी होता. दोन गाणी सोडली तर बाकी ठिकाणी त्याने वाजवलेले तुकडे सॅम्पल करून ताल बांधलेला आहे. ही अडचणीतून निघालेली रीत हलगी आणि संबळ घेणाऱ्या बँडांना फार उपयोगाची आहे, पण तिच्यात एक खोच आहे. हलगी विस्तवावर शेकून चढवतात. गार होईल तसा तिचा सूर उतरतो, पावसाळ्यात तर फारच लवकर. पहिल्या टेकमधली थाप पाचव्या टेकमध्ये चिकटवली की जोड उघडा पडतो. म्हणून प्रत्येक टेकआधी हलगी शेकायची, शेकल्याबरोबर एक सुटी थाप घ्यायची आणि तीच त्या टेकची खूण मानायची. सॅम्पल घेताना एकाच थापेवर भागवू नये. हलक्यापासून जोरापर्यंत पाच-सहा पायऱ्या, प्रत्येकीच्या तीन-चार थापा घ्याव्यात. नाहीतर टायपिंग चालल्यासारखे ऐकू येते. साधा डायनॅमिक माइक ३० ते ४० सेंटिमीटरवर पुरतो. कंडेन्सर असेल तर २० डेसिबलचा पॅड (आवाजाची पातळी उतरवणारा खटका) लावलाच पाहिजे. लॅपटॉपवरचा काटा उणे १२ च्या आसपास उसळू द्यावा. हलगीची पहिलीच थाप शून्याला धडकली, तर ती फाटली म्हणून समजा.

संबळाची दोन्ही तोंडे वेगवेगळ्या माइकवर घेतली तर एक काळजी घ्यावी. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. एकच थाप दोन माइकांवर वेगवेगळ्या क्षणी पोचली की खर्ज पोकळ होतो. दोन माइकांमधले अंतर माइक ते वाद्य या अंतराच्या तिप्पट ठेवावे. ते जमत नसेल तर एकच माइक वापरावा, बहुतेक वेळा तोच चांगला लागतो.

गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीत, ही तक्रार याही अल्बमबद्दल पहिल्यापासून आहे. शील्ड्स आणि बँडची गायिका बिलिंडा बुचर गाताना स्टुडिओच्या काचेवर पडदा ओढून घेत, म्हणजे पलीकडून कोणी बघू नये. आवाज हळू, बरेचदा अनेक पदरी, आणि गिटारच्या वर नव्हे तर आत ठेवलेला. मराठीत हे करताना व्यंजने गिळली जातात. ‘ख’ आणि ‘क’, ‘भ’ आणि ‘ब’ यांतला फरक ज्या पट्टीत कळतो, नेमकी तीच, साधारण २ ते ४ किलोहर्ट्झची जागा फझ व्यापते. गळ्याचा आवाज वाढवण्यापेक्षा गिटारची ती पट्टी दोन-तीन डेसिबलने खाली आणावी. शब्द निवडतानाही विचार व्हावा. आपल्या बोलीतली ‘करूलालो’, ‘जाऊलालो’ ही लांब स्वरांची रूपे या गाण्यात फार छान वाहतात. पुस्तकी जोडाक्षरे तिथे अडखळतात. बोलीची लाज वाटून ती टाळणारे बँड आपल्या हातातली सर्वात चांगली गोष्ट सोडून देतात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गुणगुण हा आपल्याकडचा रोजचा त्रास. सिंगल कॉइल पिकअप (तारांचा आवाज टिपणारे एकाच वेटोळ्याचे चुंबक) आणि फझ एकत्र आले की विजेची ५० हर्ट्झची घरघर गाण्याएवढी मोठी होते. आधी अर्थिंग तपासून घ्यावे. लॅपटॉप, इंटरफेस आणि अँप एकाच बोर्डवरून जोडावेत. वीज गेल्यावर स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करू नये, तो चिरका आवाज कोणत्याही फिल्टरने पूर्ण जात नाही. वादकाने खुर्ची हळूहळू फिरवून घरघर सर्वात कमी कुठे येते ते पाहावे आणि जमिनीवर खडूने खूण करावी.

खोलीचे म्हणाल तर सिमेंटच्या रिकाम्या खोलीत काही घेऊ नये. भिंतीपासून दहा सेंटिमीटर पुढे दोरीवर घोंगडी टांगली, तर ती भिंतीला चिकटवलेल्या घोंगडीपेक्षा जास्त काम करते. खानापूरकडे पत्र्याच्या छपराखाली जून ते सप्टेंबर माइकचे काम शक्य नाही. त्या महिन्यांत मिक्सिंग करावे. हलगी, ताशाची मंडळी गणपतीत मोकळी नसतात. पुनवेच्या आसपास चौंडकेवाले डोंगरावर असतात. पुनवा सोडल्या तर दिवाळीनंतर माघापर्यंतचा काळ सर्वांना सोयीचा, चामडेही तेव्हा नीट चढते.

एक गोष्ट मात्र खटकते आणि ती सांगितलीच पाहिजे. जोगत्यांचे किंवा गोंधळ्यांचे वादन मोबाइलवर टिपायचे, तुकडा कापून अल्बममध्ये टाकायचा आणि श्रेयात नुसते ‘लोकवाद्य’ लिहायचे, हे सर्रास चालले आहे. वादकाला विचारावे, बिदागी टेकच्या आधी ठरवावी, नाव गिटारवाल्याच्या नावाशेजारी त्याच आकारात छापावे. काही पदे देवीसमोरच म्हणायची असतात. ती नको म्हणाला तर नको.

फायलींचा हिशेबही आधी करावा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण साडेआठ एमबी घेतो. पाच मिनिटांच्या गाण्याचे चाळीस ट्रॅक म्हणजे पावणेदोन जीबी, टाकून दिलेले टेक वेगळेच. दोन वेगळ्या डिस्कवर प्रत ठेवावी, आणि दोन्ही एकाच घरात नकोत.

पुढच्या रविवारच्या पुरवणीत एवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती: ‘लव्हलेस’मधला दाट आवाज शंभर गिटारींचा नाही, बार हातात धरून वाजवलेल्या मोजक्या गिटार ट्रॅकचा आहे. जागा असेल तर नटात पेन्सिल घासण्याचेही छापावे.

आपले,
ध्वनिमुद्रण आणि गिटारदुरुस्तीचे काम करणारे काही वाचक,
बेळगाव